घड दरवर्षी हलका भरतोय? फवारणीआधी चार आकडे काढा

पहिल्या वर्षी थंडीमुळे, दुसऱ्या वर्षी पावसामुळे, यंदा औषध दोन दिवस उशिरा पडल्यामुळे. द्राक्षाचा घड तीन वर्षं हलका भरला की कारणंही तीन सांगितली जातात. उपाय मात्र तिन्ही वर्षी एकच असतो, आणखी एक फवारणी. माझ्या बघण्यातल्या ज्या बागांत घडाचं वजन सलग कमी येत होतं, त्यांपैकी फार थोड्या ठिकाणी फवारणी कमी पडलेली होती. घड बिघडला ती वेळ केव्हाच निघून गेलेली असायची आणि इलाज चालायचा भलत्याच टप्प्यावर.

द्राक्षाचं उत्पादन म्हणजे सरळ गुणाकार आहे. वेलीवरच्या काड्या, काडीमागे घड, घडामागे मणी आणि मण्याचं वजन. यातला प्रत्येक आकडा वेगळ्या वेळी ठरतो. काडीमागे घड किती येणार हे मागच्या वाढीच्या हंगामात डोळ्याच्या आत ठरून गेलेलं असतं. मण्यांची संख्या फुलोऱ्याच्या आगेमागे ठरते. मण्याचा आकार बऱ्याच अंशी सेटिंगनंतरच्या, म्हणजे फुलांतून मणी धरल्यानंतरच्या, तीन-चार आठवड्यांत. गोडी आणि रंग मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागल्यावर, पण त्याचीही तयारी आधीची. वाइनच्या बागांत वर्षावर्षाच्या उत्पादनातल्या चढउताराचा हिशेब मांडला, तर साधारण ६० टक्के फरक घडांच्या संख्येमुळे, ३० टक्के मण्यांच्या संख्येमुळे आणि जेमतेम १० टक्के मण्याच्या वजनामुळे पडतो असं दिसतं. खाण्याच्या द्राक्षात संजीवकांमुळे (वाढीवर परिणाम करणाऱ्या द्रव्यांमुळे) मण्याच्या वजनाचा वाटा वाढतो, तरी क्रम फारसा बदलत नाही. खर्च मात्र आपण नेमका उलट्या क्रमाने करतो.

आधी वजनकाटा

काढणीच्या आठवड्यात बागेच्या वेगवेगळ्या भागांतल्या दहा वेली निवडा. चांगल्याच निवडू नका, रस्त्याकडेच्याही नकोत. प्रत्येक वेलीवरचे घड मोजा. मग त्याच वेलींचे मिळून वीस-पंचवीस घड तोडा आणि एकेक तोलून सरासरी काढा. त्यातल्या पाच घडांचे मणी सुटे करून मोजा, शंभर मणी एकत्र तोला, उरलेला दांडा वेगळा तोला. दोन तासांचं काम आहे. वहीत चार आकडे येतात: वेलीवरचे घड, घडाचं वजन, मण्यांची संख्या, मण्याचं वजन.

हे का करायचं ते एका उदाहरणाने सांगतो. दोन बागांत घडाचं सरासरी वजन ३०० ग्रॅमच भरलं, दांडा १० ग्रॅम. पहिल्या बागेत शंभर मणी २५० ग्रॅमचे, म्हणजे मणी अडीच ग्रॅमचा आणि घडात साधारण ११६ मणी. दुसऱ्या बागेत शंभर मणी ४५० ग्रॅमचे, म्हणजे मणी साडेचार ग्रॅमचा आणि घडात ६४ मणी. वजन तेच, आजार अगदी उलटे. पहिल्याने मणी विरळणी टाळली किंवा आकाराचा टप्पा हुकवला, दुसऱ्याची सेटिंग पडली किंवा विरळणी हाताबाहेर गेली. दोघांनी एकमेकांचा सल्ला ऐकला तर दोघांचंही पुढचं वर्ष गेलंच म्हणून समजा.

काढणी होऊन गेली असेल तर छाटणीनंतरचा पुरावा वापरा. वेलीवर उरलेले देठाचे खुंट मोजता येतात, छाटलेल्या काड्या तोलता येतात. त्यांचं वजन पुढे लागणार आहे.

घडच कमी निघतात

यावर सगळ्यांत जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यांत जास्त बागा इथेच अडकतात आणि सगळ्यांत कमी लक्षही इथेच दिलं जातं.

द्राक्षाचा डोळा साधा नसतो. एका डोळ्यात तीन अंकुर असतात. मधला मुख्य, बाजूचे दोन राखीव. काडी हिरवी असतानाच मुख्य अंकुरात बारीक गाठी तयार होतात. त्या गाठी सुरुवातीला कोणाच्याच नसतात. परिस्थिती चांगली असली तर त्यांचे घड होतात, नाही तर बाळी, म्हणजे वेल ज्याने आधार धरते तो ताणा. वर्षातून एकदाच छाटणी होते अशा थंड प्रदेशांत हा निर्णय मागच्या वर्षीच्या फुलोऱ्याच्या सुमाराला सुरू होतो. जिथे वेल झोपत नाही आणि खरड छाटणी (काढणीनंतर, नव्या काड्यांसाठी) व फळछाटणी (घडांसाठी) अशा दोन छाटण्या होतात, तिथे तो खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ७० दिवसांच्या काळात होतो. म्हणजे ज्या महिन्यांत झाडावर फळ नसतं आणि आपलं लक्षही नसतं, नेमकं तेव्हाच.

या काळात डोळ्याला पहिली गरज असते उजेडाची. वरच्या पानाला मिळतो तो उजेड वेगळा. इथे प्रश्न डोळ्याच्या आसपास पोचणाऱ्या उजेडाचा आहे. एक पान आपल्यावर पडलेल्या कामाच्या (अन्न बनवायच्या) उजेडातला दहा टक्क्यांहूनही कमी उजेड खाली जाऊ देतं. दुसऱ्या पानाखाली त्याचेही दहा टक्के. तिसऱ्या थरातलं पान म्हणजे नुसतं भाडेकरू, आणि तिथला डोळा अंधारात वाढलेला. भर दुपारी मांडवाखाली उभं राहा आणि जमिनीकडे बघा. उन्हाचे कवडसे हलताना दिसले पाहिजेत. सलग काळोखी सावली दिसली तर पुढच्या हंगामात 'खत बदलू या' म्हणण्यात अर्थ नाही, डोळे आधीच रिकामे झालेले आहेत.

दुसरी गरज उष्णतेची. या काळात बहुतेक जातींना २५ ते ३० अंशांच्या आसपासची ऊब मानवते. ढगाळ, गार, ओला काळ लांबला की घडांऐवजी बाळ्या वाढतात. हवामान आपल्या हातात नाही, पण ढगाळ काळात फुटी विरळ करून उजेड वाढवणं हातात आहे, आणि ते नेमकं त्याच वेळी राहून जातं, कारण पावसात मजूर मिळत नाहीत.

तिसरी गोष्ट आतल्या तोलाची. पांढऱ्या मुळीच्या टोकात सायटोकायनिन हे संजीवक तयार होतं, ते त्या गाठीला घडाकडे ओढतं. कोवळ्या, जोरात पळणाऱ्या शेंड्यात जिबरेलिन हे दुसरं संजीवक जास्त असतं, ते बाळीकडे ओढतं. म्हणून भरमसाट नत्र आणि भरपूर पाणी दिलेली, काड्या अंगठ्याएवढ्या जाड झालेली 'जोरदार' बाग फळछाटणीनंतर रिकामी निघते आणि मालक चक्रावतो. मुळाशी पाणी साचलं तरी तेच होतं. मुळीचं टोक गुदमरलं की सायटोकायनिन आटतं. ज्या बागेत जमीन वाफशावर येत नाही, तिथे वरून काहीही मारलं तरी या तोलावर फारसा परिणाम होत नाही.

काडी कशी असावी? साधारण ८ ते १० मिलिमीटर जाडीची, गोल, टणक, तपकिरी रंगाची, पेरं आखूड. चपटी, जाड, लांब पेरांची काडी दिसायला दांडगी असते पण तिच्यातला मुख्य अंकुर बरेचदा मेलेला असतो. याची खूण फळछाटणीनंतर दिसते. एकाच डोळ्यातून दोन बारीक फुटी निघाल्या आणि दोन्हींवर घड नाही किंवा एवढासा घड आहे, तर मुख्य अंकुर गेला आणि राखीव अंकुर फुटले असं समजा.

छाटणीआधी डोळे तपासून घ्या. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली घड दिसतात, कितव्या डोळ्यावर किती आहेत तेही कळतं. तेवढी सोय नसली तर धारदार ब्लेडने डोळा आडवा कापा. मध्यभागी हिरवं असेल तर अंकुर जिवंत, काळं-तपकिरी असेल तर मेलेला. यावरून घड आहे की नाही ते कळत नाही, पण मेलेल्या डोळ्यांवर छाटणी करण्याची चूक टळते.

आणि इथेच ती जुनी चूक. थॉमसन सीडलेस आणि तिच्या वळणाच्या बऱ्याच बिनबियांच्या जातींत काडीच्या तळाचे डोळे फारसे फळत नाहीत, घड वरच्या डोळ्यांत असतात. त्या जातींना लांब काडी ठेवावी लागते किंवा सबकेन (शेंडा खुडून बगलेतून काढलेली काडी) करून फळणारा डोळा जवळ आणावा लागतो. उलट वाइनच्या अनेक जाती दोन डोळ्यांच्या खुंटीवरही भरभरून फळतात. जात बदलली पण छाटणाऱ्याचा हात बदलला नाही, अशा बागेतल्या घडांच्या तुटवड्याला ना खत जबाबदार ना हवा. एका हंगामात माझ्याकडूनही हे झालं आहे. नव्या जातीच्या दोन ओळी जुन्या सवयीने तीन डोळ्यांवर छाटल्या गेल्या. शेजारची ओळ लदलेली आणि या दोन ओळींत नुसता पाला. दोष कुणाला द्यायचा, कात्री माझ्याच हातात होती.

घड दिसले होते, मग जिरले

पोंगा (डोळ्यातली कोवळी फूट) फुटला, चौथ्या-पाचव्या पानाला घड डोकावला, आठवडाभरात त्याची गोळी झाली किंवा टोकाची बाळी लांबली. याला आपण घड जिरणं म्हणतो. डोळ्यातला घड कमकुवत होता, काडीतला अन्नसाठा कमी होता, त्यात ढगाळ हवा, ओली जमीन आणि वेगाने पळणारा शेंडा. फुटी वाढत राहिल्या आणि घड उपाशी राहिला.

या टप्प्यावर हातात असतं ते थोडंच. पाणी आवरा, नत्र थांबवा, नको असलेल्या फुटी घड दिसताच काढून टाका म्हणजे अन्नाचे वाटेकरी कमी होतील, शेंडा टिचकीने खुडा. हे केल्याने काही घड वाचतात, सगळे नाही. 'घड जिरत नाहीत' अशी हमी देणारी बाटली कोणी दिली तर बाटलीवरचं नको, तुमच्या मागच्या खरड छाटणीच्या नोंदी वाचा. काढणीनंतर बाग वाऱ्यावर सोडली होती का, पानं करप्याने किंवा भुरीने लवकर गळली होती का, हे तिथे दिसेल. काढणीनंतरची हिरवी पानं पुढच्या वर्षीच्या घडाचा शिधा भरत असतात.

घड आहेत, मणी धरत नाहीत

घाबरण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. द्राक्षाच्या घडावरची सगळी फुलं कधीच मणी होत नाहीत. २० ते ५० टक्के सेटिंग हे निरोगी वेलीचं लक्षण आहे. फुलोऱ्यानंतर घड झटकल्यावर हातावर भुसा पडतो, तो पडणारच.

खरी अडचण घड मोकळाच राहतो तेव्हा. फुलोऱ्याच्या दिवसांत १५ अंशांखालची थंडी, पाऊस, किंवा ३५ अंशांवरचा कोरडा चटका यांपैकी काहीही आलं तर परागकण नीट रुजत नाही. हवा चांगली असूनही सेटिंग पडत असेल तर बोरॉन आणि जस्त तपासा. बोरॉन कमी असला तर परागनळी वाढत नाही. जस्त कमी असलं तर पानं लहान, कोनाकोनाची, आणि घडात मोठ्या मण्यांच्या शेजारी गोळीएवढे हिरवे मणी. ही लक्षणं दिसेपर्यंत हंगाम हातचा गेलेला असतो, म्हणून फुलोऱ्याच्या वेळी घडासमोरच्या पानाचे देठ काढून पानदेठ परीक्षण करून घ्या. बोरॉन अंदाजाने देऊ नका. कमतरता आणि विषबाधा यांच्यातलं अंतर बोरॉनमध्ये फार लहान आहे. मर्लो या वाइनच्या जातीत सेटिंग पडण्यामागे मॉलिब्डेनमची कमतरता सापडलेली आहे, विशेषतः खुंटाविना (ज्या मुळांच्या जातीवर कलम बांधतात तो खुंट) स्वतःच्या मुळांवरच्या वेलींत. एका जातीचं दुखणं दुसऱ्या जातीला लावू नये ते यासाठीच.

शेंडा जोरात पळत असेल तर तो फुलांचं अन्न ओढतो. फुलोरा सुरू होताना शेंडा मारला की सेटिंग सुधारते, बिनखर्चाचा उपाय आहे. उलट घट्ट घडाच्या वाइनच्या जातींत सेटिंग थोडी कमीच हवी असते. तिथे फुलोऱ्याआधी घडाजवळची तळाची पानं काढतात, अन्न कमी पडून मणी कमी धरतात, घड मोकळा होतो आणि राखाडी बुरशीने कुजण्याचं प्रमाण घटतं. तीच पानं खाण्याच्या द्राक्षात त्या वेळी काढलीत तर मोकळ्या घडाची तक्रार स्वतःच ओढवून घेतली.

मणी भरपूर, आकार येत नाही

मणी एका दमात वाढत नाही. सेटिंगनंतर तीन-चार आठवडे पेशींची संख्या वाढते, मग वाढ जवळजवळ थांबते, आणि पाणी उतरल्यावर त्याच पेशी साखर-पाण्याने फुगतात. पहिल्या टप्प्यात पेशी कमी पडल्या तर शेवटी कितीही पाणी दिलं तरी फुगायला पेशीच नसतात. बाजरीएवढा मणी असताना आठवडाभर पडलेला पाण्याचा ताण काढणीपर्यंत भरून निघत नाही. पाणी उतरल्यानंतर थोडा ताण बसला तर आकारावर त्या मानाने कमी परिणाम होतो. बरेच जण याच्या बरोबर उलट करतात. सुरुवातीला बाग कोरडी आणि काढणीच्या तोंडावर पाट सोडल्यासारखं पाणी. त्याने मणी फार तर तडकतात.

या मधल्या थांब्याचा एक उपयोगही आहे. बियांच्या जातींत तेव्हा घडाचं वजन अंतिम वजनाच्या साधारण निम्मं असतं. त्या आठवड्यात वीस घड तोलून दुप्पट करा, उत्पादनाचा बऱ्यापैकी अंदाज मिळतो आणि जादा घड काढायला अजून वेळही असतो.

आता जीए, म्हणजे जिबरेलिक आम्ल हे संजीवक. भाताच्या रोपांना अवाजवी उंच करणाऱ्या बुरशीचा अभ्यास करताना १९२६ साली जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी दाखवलं की ही उंची बुरशीने सोडलेल्या पदार्थाने येते. त्याच घराण्यातलं हे जिबरेलिक आम्ल. बिनबियांच्या मण्यात बी अर्धवट राहून जातं, त्यामुळे बियांतून मिळणारं संजीवक अपुरं पडतं, आणि ती उणीव आपण बाहेरून भरतो. बियांच्या जातींत ती उणीवच नसते. तिथे तोच डोस सेटिंग बिघडवतो.

जीए दिलं पण मणी वाढला नाही, ही तक्रार आली की मी आधी तीन गोष्टी विचारतो. द्रावणाचा सामू (पीएच) किती होता? विहिरी-बोअरचं जड, विम्लधर्मी पाणी तसंच वापरलं तर जीएचा परिणाम घटतो. द्रावण किंचित आम्ल असायला हवं. मणी तेव्हा किती मिलिमीटरचा होता? आकारासाठी तो ४ ते ५ मिलिमीटरचा असताना थॉमसनसारख्या जातीत २० ते ४० पीपीएमच्या (दहा लाख भागांत तेवढे भाग) दरम्यान देतात. ८ मिलिमीटरला दिलेला पहिला डोस म्हणजे निघून गेलेल्या गाडीमागे धावणं. आणि तिसरं, घड आतपर्यंत भिजला होता का? फवाऱ्यात पानाआड राहिलेला घड आणि बुडवून घेतलेला घड यांची तुलना होऊ शकत नाही.

डोस वाढवणं हा मात्र उपाय नाही. जादा जीएने दांडा लाकडासारखा कडक होतो, मणी काढणीनंतर गळतात, आणि पुढच्या हंगामाच्या डोळ्यांतली फळधारणा घटते. म्हणजे यंदाचा आकार पुढच्या वर्षीच्या घडांतून कापून घेतलेला असतो. सीपीपीयू या मणी फुगवणाऱ्या दुसऱ्या संजीवकाचंही तसंच. एक-दोन पीपीएमला मणी भरतो, साल टणक होते, पण हात सैल सोडला तर पिकायला उशीर होतो, रंगीत जातींत रंग अडकतो. कोणतंही संजीवक तुमच्याकडे त्या पिकासाठी मंजूर आहे का, हे लेबलवर बघूनच हात लावा.

गर्डलिंग हा त्याहून जुना मार्ग. खोडाची किंवा काडीची ३ ते ६ मिलिमीटर रुंदीची सालीची कडी काढली की पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे न जाता काही आठवडे वरच घुटमळतं. मणी ४-५ मिलिमीटरला असताना केलं तर आकार, पाणी उतरताना केलं तर रंग आणि गोडी. मुळं तेवढा काळ उपाशी राहतात, त्यामुळे अशक्त वेलीला, कोवळ्या बागेला किंवा मुळाला सूत्रकृमी लागलेल्या वेलीला कडी लावू नये. चाकू लाकडात शिरला तर वेल त्या वर्षीच बसते.

आणि जमिनीतले क्षार? मातीच्या संपृक्त अर्काची ईसी (क्षारांचं प्रमाण दाखवणारी विद्युतवाहकता) १.५ डेसिसायमन्स प्रति मीटरच्या वर गेली की द्राक्षाचं उत्पादन घटायला लागतं, पुढे प्रत्येक एककाला साधारण १० टक्के. पानांच्या कडा करपतात, मणी लहान राहतो, आणि आपण पालाशची कमतरता समजून आणखी खत टाकतो, म्हणजे आणखी क्षार. रॅमसे, ११०३ पॉलसन, १४० रुगेरी यांसारखे खुंट क्लोराइड वर चढू देत नाहीत म्हणून तग धरतात, पण खुंट लागवडीआधी निवडायचा असतो. उभ्या बागेत उरतो तो निचरा आणि पाण्याची तपासणी.

वजन आलं, गोडी आणि रंग नाही

इथे बहुतेक वेळा घडांची हाव नडलेली असते.

एक ग्रॅम द्राक्ष नीट पिकवायला साधारण ८ ते १२ चौरस सेंटिमीटर पान लागतं. मांडव दुभागलेला असून दोन्ही बाजूंनी ऊन खेळत असेल तर थोडं कमी पुरतं. हिशेब करून बघू. वेलीवर ४० काड्या, काडीला १४ पानं, पान सरासरी १५० चौरस सेंटिमीटरचं. एकूण ८४,००० चौरस सेंटिमीटर. ग्रॅमला १० धरले तर वेल ८.४ किलो माल पिकवू शकते. ४०० ग्रॅमचा घड हवा असेल तर २१ घड झाले. म्हणजे ४० पैकी जवळपास निम्म्या काड्या बिनघडाच्या राहिल्या पाहिजेत. हा आकडा ऐकून लोक माझ्याकडे वेड्यासारखं बघतात. पण बिनघडाची काडी फुकट खात नसते, ती शेजारच्या घडाला पोसत असते आणि पुढच्या वर्षीचे डोळेही भरत असते. प्रत्येक काडीवर घड ठेवून ४० घडांना तोच पाला वाटला तर घडामागे २१० ग्रॅमपुरताच पाला उरतो. पाणी देऊन वजन ३०० पर्यंत ओढता येईल, साखर कुठून आणणार?

वर्षातून एकदा छाटणी होणाऱ्या वाइनच्या बागांसाठी फ्रान्समधले लुई रावाझ यांच्या नावाने ओळखलं जाणारं गुणोत्तर वापरतात: वेलीचं उत्पादन भागिले त्यानंतरच्या छाटणीत निघालेल्या काड्यांचं वजन. ५ ते १० मध्ये आलं तर तोल बरा. १० च्या बऱ्याच वर गेलं तर वेल ओझ्याखाली आहे. ५ च्या खाली असलं तर वेल लाकूड आणि पाला वाढवण्यातच रमली आहे. छाटलेल्या काड्या जाळण्याआधी तोला असं मी सुरुवातीला म्हणालो ते याचसाठी. दोन छाटण्यांच्या पद्धतीत हेच आकडे जसेच्या तसे लावू नका, पण त्याच बागेची दर वर्षीची तुलना नक्की करता येते.

ओझं बरोबर आहे, तरी गोडी कमी? घडाच्या टोकाचे मणी मऊ, पाणचट आणि बेचव लागत असतील तर ती वॉटर बेरी. जास्त ओझं, दाट सावली, उशिरापर्यंत दिलेलं नत्र, आणि पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचा बिघडलेला तोल, या सगळ्यांशी तिचा संबंध दिसतो. घडाचं टोक विरळणीच्या वेळीच खुडून टाकलं तर त्रास बराच कमी होतो.

रंगाची गोष्ट उष्णतेशी बांधलेली आहे. ३५ अंशांच्या वर सालीतला लाल-जांभळा रंग नीट तयार होत नाही, आणि उघड्या उन्हातला मणी हवेपेक्षा १० अंशांनीही जास्त तापू शकतो. त्याच वेळी मॅलिक आम्ल जळून जातं म्हणून आंबटपणा उतरतो, टार्टरिक त्या मानाने टिकून राहतं. पानं काढायची असतील तर सकाळच्या उन्हाच्या बाजूची काढा आणि तीही लवकर, म्हणजे मणी लहानपणापासून उन्हाला सरावतात. पाणी उतरल्यावर एकाच दिवशी घड उघडे केले तर तिसऱ्या दिवशी उकडलेले मणी दिसतील. वाइन करणाऱ्याला बारीक मणीच आवडतो, कारण रंग-गंध सालीत असतो आणि लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त. त्याच्यासमोर मण्याच्या मिलिमीटरची फुशारकी मारू नका.

गोडी मोजण्यातही गफलत होते. घडाच्या खांद्याचा मणी टोकाच्या मण्यापेक्षा आधी गोड होतो, उन्हाकडचा सावलीतल्यापेक्षा. रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातली साखर मोजायचं यंत्र) खांद्याचे चार मणी पिळून १८ ब्रिक्स (साखरेचं टक्केवारीसारखं माप) लिहिणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. ओळीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या वरचे, मधले आणि टोकाचे मिळून शंभर मणी एकत्र पिळा. मग जो आकडा येईल तो खरा.

सगळं बरोबर, तरी काही वेली मागेच

वरचं सगळं तपासून झालं आणि तरीही बागेत विखुरलेल्या काही वेली दर वर्षी हलक्या भरत असतील, त्याच त्याच, तर विषाणूचा संशय घ्या. लीफरोलमध्ये पानांच्या कडा खाली वळतात, तांबड्या-काळ्या जातींत पान लाल पडतं पण शिरा हिरव्या राहतात, माल उशिरा पिकतो आणि साखर कमी भरते. पांढऱ्या जातींत खूण इतकी ठळक नसते, म्हणून वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. पिठ्या ढेकूण तो वेलीवरून वेलीवर नेतो. फॅनलीफमध्ये पान पंख्यासारखं, पेरं वेडीवाकडी आणि घड विरळ, बारीक मण्यांचा. तो जमिनीतल्या सूत्रकृमीमार्फत पसरतो. या दोन्हींवर औषध नाही. अशा वेलींच्या खोडाला रंगाचा पट्टा मारा, प्रयोगशाळेत तपासून घ्या, आणि छाटणीच्या दिवशी मजुरांना आधीच सांगून ठेवा की पट्टा असलेल्या वेलीची एकही काडी कलमासाठी बाजूला काढायची नाही.